गुणपत्रिकेवर विश्वास नाही म्हणून

दरवर्षी मार्चमध्ये एम.टेक.च्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ या परीक्षेचा निकाल लागतो आणि पाठोपाठ एक ठरलेली बातमी येते: लाखो अभियंत्यांपैकी जेमतेम अठरा टक्के पात्र. २०२१ साली ८ लाख ८२ हजार जणांनी नोंदणी केली, ७ लाख ११ हजार प्रत्यक्ष परीक्षेला बसले आणि १ लाख २६ हजार पात्र ठरले; प्रमाण १७.८२ टक्के. २०२३ साली बसणाऱ्यांची संख्या पाच लाखांच्या घरात उतरली, तरी पात्रतेचे प्रमाण अठराच्याच आसपास राहिले. या आकड्यावरून अभियांत्रिकी शिक्षणाच्या दर्जाबद्दल हळहळ व्यक्त होते. पण हा आकडा दर्जाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. खुल्या गटाची पात्रतेची रेषा १०० पैकी २५ गुण, किंवा त्या पेपरातील सर्वांच्या गुणांची सरासरी अधिक प्रमाण विचलन, यांपैकी जे जास्त असेल तिथे आखली जाते. सरासरीच्या वर एक प्रमाण विचलन अशी रेषा ओढली, की कोणत्याही मोठ्या गर्दीतले साधारण सहाव्या हिश्शाइतके लोकच तिच्या वर उरतात. राखीव गटांसाठी रेषा थोडी खाली असते म्हणून त्यात थोडी भर पडते. उद्या देशातला प्रत्येक अभियंता दुप्पट हुशार झाला, तरी निकाल अठरा टक्क्यांच्या आसपासच लागेल. संगणकशास्त्राच्या पेपरात २०२२ साली ही रेषा २५ वर होती, २०२३ साली ती ३२.५ वर गेली. बारा महिन्यांत संगणक अभियंत्यांची अक्कल वाढली असे कोणी म्हणणार नाही. पेपर सोपा गेला, एवढेच.

मग ही परीक्षा नेमके मोजते काय? माझ्या मते ‘गेट’चे खरे काम एकच आहे, आणि ते माहितीपत्रकात छापलेले नसते. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या गुणपत्रिकेवर कोणाचा विश्वास उरलेला नाही, म्हणून त्या गुणपत्रिकेच्या जागी वापरायला एक दुसरी, सगळ्यांना सारखी गुणपत्रिका तयार करायची. हे काम ती प्रामाणिकपणे आणि बऱ्यापैकी करते. अडचण तिच्यावर नंतर लादलेल्या कामांची आहे: सरकारी कंपन्यांसाठी नोकरभरती, संशोधनाच्या जागांचे वाटप, आणि देशातल्या अभियंत्यांची वार्षिक शिरगणती. या कामांसाठी ती घडवलेली नाही, आणि ती तिच्याकडून करून घेताना तिचे मूळ काम बिघडत चालले आहे.

अविश्वासाचा मुद्दा जरा तपासून पाहू. ‘गेट’ भारतीय विज्ञान संस्था (बेंगळुरू) आणि मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुडकी, गुवाहाटी या सात आयआयटी मिळून घेतात. आयोजनाचा मान आळीपाळीने एकेका संस्थेकडे जातो. या संस्थांचा स्वतःच्या परीक्षेवर किती भरवसा आहे? आयआयटीतून बी.टेक. झालेल्या आणि आठच्या वर सीजीपीए असलेल्या विद्यार्थ्याला आयआयटीत एम.टेक.साठी ‘गेट’ची गरज नसते. ही सवलत अन्यायाची आहे असे मला म्हणायचे नाही. उलट ती शहाणपणाची आहे. चार वर्षे, चाळीसएक विषय, प्रयोगशाळा, प्रकल्प, शिकवणाऱ्यांची मते, हे सारे हाताशी असताना तीन तासांच्या परीक्षेला कोण विचारील? मात्र सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा आठ, मुंबईचा आठ, नागपूरचा आठ आणि लोणेरेच्या बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाचा आठ हे सगळे एकाच मापाचे आहेत का, हे पवईतल्या आयआयटीच्या प्राध्यापकाला कळायला मार्ग नाही. एकाच विद्यापीठाखालच्या दोन कॉलेजांतले आठही सारखे असतीलच असे नाही, कारण टर्मवर्क आणि ओरलचे गुण कॉलेजच्या हातात असतात. म्हणून आपल्या माणसाची चार वर्षे मोजायची आणि परक्या माणसाचे तीन तास. ‘गेट’च्या मुळाशी हा विषम व्यवहार आहे, आणि तो विषम असला तरी परक्या माणसाच्या फायद्याचा आहे. नांदेडच्या किंवा गडहिंग्लजच्या मुलीकडे पवईच्या दारात दाखवायला दुसरे काय असते?

तयारीच्या वर्षाकडे पाहिले तर ‘गेट’चा दुसरा, कमी बोलला जाणारा उपकार दिसतो. राज्यातल्या बहुतेक विद्यापीठांतील सत्र परीक्षेची तयारी कशी होते हे सर्वांना ठाऊक आहे. मागच्या चार-पाच वर्षांचे पेपर, ‘लोकल ऑथर’चे पातळ पुस्तक, शेवटचा आठवडा. प्रश्नही त्याला साजेसा: ‘वक्रणाचे सूत्र सिद्ध करा व त्यातील गृहीतके लिहा, गुण आठ.’ हे पाठ करून लिहिता येते आणि लिहिले जाते. ‘गेट’च्या धर्तीचा प्रश्न तेच सूत्र हातात घेऊन वेगळ्या दिशेने येतो. समजा, एका तुळईचा छेद आयताकृती आहे, उंची रुंदीच्या दुप्पट. तीच तुळई कुशीवर आडवी ठेवली, तर तेवढेच वाकवणारे बल सोसताना तिच्यातला कमाल ताण किती पट होईल? उत्तर आहे दुप्पट. दोन ओळींचे गणित आहे. पण ज्याने सूत्र फक्त पाठ केले त्याला ते सुटत नाही, कारण सूत्रातल्या उंचीचा वर्ग घराच्या छतात काय करतो याचा त्याने कधी विचार केलेला नसतो. असे शेकडो प्रश्न सोडवायचे म्हणजे स्ट्रेंग्थ ऑफ मटेरिअल्स, थर्मो, नेटवर्क्स, अल्गोरिदम्स हे विषय पुन्हा, या वेळी मुळातून वाचावे लागतात. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने फुकट आहेत, मागच्या वर्षांचे प्रश्न, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘पीवायक्यू’, फुकट आहेत, कोचिंगला पैसे मोजावे लागतात. काही जण नोकरी धरून रात्री अभ्यास करतात, काही सरळ एक वर्षाचा ‘ड्रॉप’ घेतात. शॉर्ट नोट्स, टेस्ट सिरीज, मॉकनंतर चुकांची वही, ही सारी शिस्त आधीच्या चार वर्षांत कोणी मागितलेलीच नसते. थोडे बोचेल, पण असंख्य मुलांचे खरे अभियांत्रिकी शिक्षण पदवीनंतरच्या या पाचव्या वर्षात होते, आणि त्याचा खर्च विद्यापीठ नव्हे, घर उचलते.

इतके चांगले बोलून झाल्यावर मापाच्या मर्यादेकडे यावे लागते. २००३ पूर्वीच्या ‘गेट’मध्ये वस्तुनिष्ठ प्रश्नांबरोबर कागदावर मांडून सोडवायचा वर्णनात्मक भागही होता. परीक्षार्थी वाढत गेले आणि २००३ पासून तो भाग गेला. २०१० मध्ये सामान्य अभियोग्यतेचे १५ गुण आले आणि ६५ प्रश्न, १०० गुण, तीन तास असा आजचा साचा ठरला. २०१४ पासून सर्व पेपर संगणकावर गेले. पर्याय न देता आकडाच टंकायला लावणारे प्रश्न आले, २०२१ पासून एकाहून अधिक बरोबर पर्यायांचे प्रश्न आले. हे बदल चांगल्या हेतूचे होते. एकच बरोबर पर्याय असलेल्या प्रश्नात चुकीला एकतृतीयांश गुण कापतात, म्हणजे चार पर्यायांतून डोळे झाकून टिचकी मारणाऱ्याचा सरासरी लाभ बरोबर शून्य. पण एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला, तरी उरलेल्या तिघांत अंदाज मारणे फायद्याचे ठरते, आणि टेस्ट सिरीजवाले हे हिशेबासकट शिकवतात. आकडा टंकायच्या प्रश्नांनी ही वाट अरुंद केली. तरीही आमच्या तुळईच्या प्रश्नात संगणकाला फक्त ‘२’ दिसतो. तो दोन कसा आला, उमेदवाराने कोणते गृहीत धरले, तुळई अशा पदार्थाची असती की जो ओढताना वेगळा आणि दाबताना वेगळा वागतो, तर हे गणित कुठे मोडले असते, यातले काहीच दिसत नाही. आणि एम.टेक.च्या प्रबंधाला, पीएच.डी.ला नेमके हेच लागते. सुटणारा प्रश्न तीन मिनिटांत सोडवणे आणि न सुटणारा प्रश्न तीन वर्षे धरून बसणे, या दोन वेगळ्या गुणवत्ता आहेत. त्या एकाच माणसात असू शकतात. एकीवरून दुसरी ओळखता येतेच असे नाही.

आता लादलेल्या कामांकडे. २०१० च्या सुमारास इंडियन ऑइल, एनटीपीसी, पॉवर ग्रिड यांसारख्या सार्वजनिक कंपन्यांनी स्वतःच्या लेखी परीक्षा बंद करून ‘गेट’चे गुण भरतीसाठी वापरायला सुरुवात केली. कंपन्यांचा खर्च वाचला, मुलांची धावपळ वाचली, वशिल्याला जागा कमी उरली. पण त्या दिवसापासून एकाच परीक्षेला दोन वेगळे जमाव बसू लागले. इंडियन ऑइलच्या अधिकाऱ्याचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ५०,००० रुपये, वर भत्ते वेगळे. एम.टेक.च्या विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये. हा १२,४०० चा आकडा २०१४ च्या सुमारास आठ हजारांवरून वाढवला, तेव्हापासून जागेवरच आहे. याच काळात पीएच.डी.ची सुरुवातीची पाठ्यवृत्ती २५,००० वरून ३१,००० आणि २०२३ पासून ३७,००० झाली. म्हणजे संशोधनाच्या जिन्यावरची वरची पायरी दोनदा रंगवली आणि पहिली तशीच सोडली. शहाण्या मुलाने काय करावे? तो करतो तेच. देशभरात एम.टेक.च्या दर तीन जागांपैकी सुमारे दोन रिकाम्या राहतात, आणि ‘गेट’ला बसणारे मात्र लाखांनी असतात, या विसंगतीचे उत्तर बरेचसे इथे आहे.

 आयआयटीत आणखी वेगळेच घडते. उन्हाळ्यात ‘कोॲप’ या सामाईक पोर्टलवर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होतात आणि विद्यार्थ्याला प्रत्येक फेरीत ‘ॲक्सेप्ट अँड फ्रीझ’, ‘रिटेन अँड वेट’ किंवा ‘रिजेक्ट अँड वेट’ यांतले एक निवडायचे असते. कंपन्यांच्या मुलाखती आणि अंतिम याद्या यांचे वेळापत्रक मात्र ज्या त्या कंपनीचे. त्यामुळे मुलगा जुलैत एम.टेक.ला नाव घालतो, वसतिगृहाची खोली घेतो, आणि पहिल्या सत्राच्या मध्यावर कंपनीचे पत्र आले की निघून जातो. ती जागा त्या वर्षी पुन्हा भरता येत नाही. २०१९ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरानुसार दोन वर्षांत आयआयटी सोडून गेलेल्या सुमारे अडीच हजार विद्यार्थ्यांपैकी निम्म्याहून अधिक पदव्युत्तर आणि पीएच.डी.चे होते, आणि नोकरी मिळणे हे त्यामागचे एक ठळक कारण होते. त्याच वर्षी आयआयटी कौन्सिलने यावर उपाय सुचवला तो असा: एम.टेक.चे शुल्क वर्षाला सुमारे दोन लाखांपर्यंत न्यायचे आणि १२,४०० ची मासिक मदत बंद करायची, म्हणजे जे गंभीर नाहीत ते येणारच नाहीत. विद्यार्थ्यांनी आंदोलने केली, निर्णय मागे पडला. हा उपाय सुचवणाऱ्यांच्या तर्कात एक मोठी फट होती. दोन लाख भरू शकणारा गंभीर आणि न भरू शकणारा उडाणटप्पू, असे गृहीत त्यात होते. जाणारा मुलगा बेफिकीर म्हणून जात नाही. घरात पहिल्यांदाच कायमची नोकरी येते आहे म्हणून जातो. ज्या परीक्षेने त्याला दोन्ही दारांत एकाच वेळी उभे केले, तिच्या वेळापत्रकात मात्र कोणी हात घातला नाही.

इथे एक भक्कम आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. एका आकड्यावर निवड ही आंधळी असते, आणि आंधळी असते म्हणूनच न्यायी असते. आकड्याच्या जागी मुलाखत, शिफारसपत्र, ‘संशोधनाची आवड’ असली मापे आणली की आडनाव, उच्चार, कॉलेजचे नाव, इंग्रजी हे सगळे मागच्या दाराने आत येते. हे भय काल्पनिक नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲट्टेवेल यांनी २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव वेगळे असलेले अर्ज पाठवले. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना उत्तर येण्याची शक्यता कमी निघाली. कागदावर हे घडत असेल, तर समोरासमोरच्या खोलीत काय घडू शकते हे सांगायला नको. शासकीय कॉलेजात मराठीत विचार करत शिकलेला मुलगा मुलाखतीत इंग्रजी शब्द शोधताना अडखळतो आणि समोरच्याला वाटते, याला विषय येत नाही. म्हणून केवळ ‘गेट रद्द करा, मुलाखती घ्या’ ही सूचना मला घातक वाटते. जो वर्ग ती करतो, त्याच्या मुलांना मुलाखतीची भीती नसते, हेही एक निरीक्षण.

पण आकडा आंधळा असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचायची वाट सर्वांना सारखी नसते. एक वर्षाचा ड्रॉप घरच्यांच्या पैशावर घेता येणे हीसुद्धा एक प्रकारची ओळख-पाळखच आहे. पेपर इंग्रजीतच असतो. जेईई मेन आता मराठीतही देता येते. २०२१ पासून अभियांत्रिकी प्रादेशिक भाषांत शिकवायला परवानगी मिळाली आणि पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला. त्या वर्गातल्या मुलांना चार वर्षांनी ‘गेट’ द्यायची तर पुन्हा इंग्रजीत. आंधळेपणाची बाजू घेणाऱ्यांनी हेही हिशेबात धरायला हवे.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा: सात लाख माणसांच्या लेखी उत्तरपत्रिका तपासणार कोण? महाराष्ट्राला याचे उत्तर कडू अनुभवातून माहीत आहे. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने लाखो उत्तरपत्रिका घाईने संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. निकाल महिनोन्‌महिने रखडले, मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि त्या वर्षी कुलगुरूंना पद सोडावे लागले. तेव्हा ‘गेट’मध्ये सर्वांसाठी वर्णनात्मक भाग परत आणा, असे म्हणणे भाबडेपणाचे. सात लाखांच्या उत्तरपत्रिका तपासायची गरजही नाही. आजही अनेक विभाग काय करतात ते पाहावे. आयआयटी मुंबईच्या संगणकशास्त्र विभागात संशोधन सहायक म्हणून तीन वर्षांच्या एम.टेक.ला घ्यायचे असेल, तर ‘गेट’च्या गुणांवर फक्त बोलावणे येते, पुढे विभागाची स्वतःची चाचणी आणि मुलाखत होते. आयआयटी मद्रासच्या संशोधनाधारित एम.एस.चाही रस्ता असाच. म्हणजे ज्यांना माणूस संशोधनासाठी हवा आहे, त्यांनी ‘गेट’ला केव्हाच चाळणीच्या जागी नेऊन ठेवले आहे. हीच पद्धत सगळीकडे न्यावी: चाळणीची भोके मोठी ठेवायची, एका जागेमागे दहा-पंधरा जणांना बोलवायचे, आणि त्यांच्याकडून दोन तास कागदावर, पायऱ्यांसकट, एखादा अर्धवट प्रश्न सोडवून घ्यायचा. उत्तरपत्रिकेवर नाव नको, क्रमांक हवा. गुण जाहीर व्हावेत. मुलाखतीचा वाटा लहान असावा. पूर्वग्रह त्यातूनही पूर्ण जाणार नाही, हे मान्य. पण क्रमांकाच्या कागदावर तो जितका शिरू शकतो, त्याहून कितीतरी अधिक तो आजच्या मुलाखतीत शिरतो, आणि त्या मुलाखती आताही होतच आहेत.

तिसरा आक्षेप कंपन्यांच्या बाजूचा आहे, आणि त्यात मला फारसे चूक दिसत नाही. ‘गेट’ सोडून प्रत्येक कंपनीने पुन्हा आपापली परीक्षा सुरू केली, तर बुलढाण्याच्या मुलाला पाच शहरांत पाच वेळा जावे लागेल, पाच शुल्के भरावी लागतील. तेव्हा गुण वापरू द्यावेत. नोकरी हवी आहे असे उघड सांगणाऱ्या मुलावर ‘तू जागा अडवतोस’ असा शिक्का मारणेही थांबावे. तो काही महिने एम.टेक.च्या वर्गात बसतो तो आपल्या इच्छेने नव्हे, कंपनीच्या यादीची वाट पाहत. कंपन्यांनी अंतिम याद्या एम.टेक.चे वर्ग सुरू होण्याआधी लावल्या, आणि उशीर झालाच तर त्या वर्षीची रुजू होण्याची तारीख पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलून द्यायची मुभा ठेवली, तर निम्मी गळती आपोआप थांबेल असा माझा अंदाज आहे. ‘गेट’चे गुण तीन वर्षे वैध असतात; एका वर्षाच्या विलंबाने कोणाचेच नुकसान होत नाही. यासाठी कायदा लागत नाही, की नवा निधी लागत नाही. पुढच्या परीक्षेची नोंदणी दरवर्षी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होते. त्याआधी आठ संस्था आणि गुण वापरणाऱ्या कंपन्या एका टेबलाभोवती बसल्या, तर ठरवायची आहे फक्त एक तारीख. एम.टेक.च्या १२,४०० चे काय करायचे, हा त्याच बैठकीतला दुसरा विषय, आणि तिथे मात्र पैसे लागतील.